दहावी चिठ्ठी

रवि. २६ जुलै १९९८

श्रावण लागला म्हणून देवघराची फळी पुसली. मागची पितळी डबी घासायला काढली. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाच्या चिठ्ठ्या तिच्यात असतात. पूजेला कोणतं जोडपं बसणार ते चिठ्ठीवर ठरतं. पहिल्या वर्षी चेअरमन शेडगे आप्पांनी सोळा घरांच्या सोळा चिठ्ठ्या लिहिल्या. दर श्रावणात एक निघते. ज्यांची निघते ते बसतात आणि ती चिठ्ठी आपल्या देवघरात ठेवतात. अशी प्रत्येक घराची पाळी येते. डबी सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे.

ब्याण्णवपासून सहा पूजा झाल्या. सोळातून सहा गेल्या, दहा राहायला हव्यात. डबीत नऊ.

परत मोजल्या. कारखान्याच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, मोजणं चुकत नाही. नऊच. मग एकेक उघडली. कोणाची नाही ते बघायला फार वेळ लागला नाही.

बारा नंबर. वाघमारे.

चिठ्ठ्या होत्या तशा घड्या घालून ठेवल्या. बायकोला, शालनलाही बोललो नाही.

सोम. २७ जुलै

उपास. सकाळी देवापुढे बसलो, पण मन डबीत.

वाघमारे आमच्या समोरच्या दारात राहतात. औसा तालुक्यातले, बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. बौद्ध. रविवारी सकाळी घरातले सगळे मिळून वंदना म्हणतात, ती आमच्या हॉलमध्ये ऐकू येते. माझी घंटा त्यांना ऐकू जात असणार. सहा वर्षांत एकाही बाजूनं दार लावून घेतलं नाही. मला या गोष्टीचा मनातून अभिमान होता. आता कळत नाही कशाचा.

ही घरं आम्हाला सरकारी सोडतीत मिळाली. तिथं ज्याचं नाव निघालं त्याला घर. नवी मुंबईत, बोनकोडे गावाच्या शेजारी एका जिन्यात सातारा, लातूर, रत्नागिरी सगळे आले ते त्यामुळेच. त्या सोडतीत कोणी कोणाची चिठ्ठी बाजूला काढली नव्हती.

काढली कोणी? चिठ्ठ्या लिहिल्या आप्पांनी. डबीला हात लावणारे दोघंच, ते आणि मी.

बुध. २९ जुलै

संध्याकाळी आप्पा खाली बाकड्यावर बसलेले. साताऱ्याकडे त्यांचं गाव नदीच्या पलीकडे, माझं अलीकडे. कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं हमालांच्या टोळीचे मुकादम होते. सोडतीचा फॉर्म मला त्यांनीच भरायला लावला. नाहीतर अजून भाड्यानंच राहत असतो.

सरळ विचारायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "आप्पा, चिठ्ठ्या सगळ्या हायत न्हवं डबीत?"

"आसतील की. का रं?"

"सहज."

"सहज कोन इचारतं? स्टोअरचा मानूस तू, तुला दिसंल तिथं ढिगाराच मोजायचा आसतोय. देवाचं काम हाय, नटबोल्ट न्हाईत ते."

बाकड्यावरचे दोघं-तिघं हसले. मी पण हसलो. आप्पा हसताना माझ्याकडे बघत नव्हते. की मलाच तसं वाटलं. काल ते जिन्यात भेटले तेव्हाही खाली बघून बोलले. पण गुडघा दुखतो म्हणून पायरी बघत असतील. हे असं चाललंय. प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ, आणि मी वाईट तोच उचलतो.

शनि. १ ऑगस्ट

शेवटी शालनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"त्यांना नकोच असंल. ते कुठं पूजा करत्यात? उगं टेन्शन घेताय."

"नको असेल तर ते सांगतील की."

"आणि निघाली असती, म्हणजे? कांबळं अंथरून बसवणार होता त्यांना सत्यनारायणाला?"

खरंच काय करणार होतो?

शाळेतले गुरुजी आठवले. चौथीत असताना ते आमच्या गावात बदलून आले. पहिल्याच दिवशी सगळ्यांना उठवलं आणि हजेरीपटाच्या क्रमानं बसवलं. कोण कुणाच्या शेजारी ते अक्षरांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी काही बाप शाळेत आले. गुरुजी म्हणाले, मी कोणाला कोणाशेजारी बसवलेलं नाही, मी फक्त नावं वाचली. एवढंच म्हणत राहिले. माझ्या शेजारी बसला तो मुलगा गणितात माझ्यापेक्षा हुशार होता, त्यामुळे माझा फायदाच झाला. माणसानं माणसाशी कसं वागावं ते मी त्या बाकावर शिकलो असं मी आजवर म्हणत आलो. पोरांना सांगितलं, कारखान्यातल्या पोरांना सांगितलं.

रवि. २ ऑगस्ट

दुपारी माळ्यावरून रोजनिशीच्या जुन्या वह्या काढल्या. ब्याण्णवची शोधत होतो. पहिल्या पूजेला चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा कोण कोण हजर होतं ते बघायचं होतं. आप्पांना धरायला पुरावा हवा होता, खरं लिहायचं तर.

सापडली. माझंच अक्षर, निळी शाई:

"रात्री आप्पांकडे चिठ्ठ्या लिहिल्या. आप्पा म्हणाले, बाराची लिहू का? मी म्हटलं राहू दे, निघाली तर त्यांना अवघड होईल, नाही म्हणायची पाळी येईल. आप्पा म्हणाले, सेक्रेटरी समजूतदार. घरी येऊन छान झोप लागली."

चार-पाच वेळा वाचलं. मला यातलं काही आठवत नाही. एक शब्द नाही.

आठवडाभर आप्पांच्या चेहऱ्यात काय शोधत होतो.

सोम. ३ ऑगस्ट

उपास. जेवायचं नव्हतं म्हणून बरंच झालं.

ते शेवटचं वाक्य जास्त टोचतंय. चोरून केलं असतं, मनाला लागलं असतं, तर आठवलं तरी असतं. मी ते चांगलं काम म्हणून केलं. त्यांना न विचारता त्यांची अडचण मी सोडवली. आणि विसरलो. सोळाच्या पंधरा झाल्या हे आपण कधी मोजलंच नाही, कारण आपल्याला कमी पडत नव्हतं.

आता माझ्या दुसऱ्या चांगल्या कामांवर पण संशय येतोय. त्या सगळ्यांच्या मागे असं काय काय लिहिलेलं असेल.

मंगळ. ४ ऑगस्ट

वाघमाऱ्यांकडे गेलो. दार उघडंच होतं. त्यांच्या मंडळी सुमनताई आत भाकरी थापत होत्या. वाघमारे म्हणाले, "या की निकम साहेब, बसा." मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. नऊ चिठ्ठ्या, वही, माझं अक्षर. आप्पांनी विचारलं होतं आणि नको मी म्हटलं होतं, तेही.

आतून भाकरीचा आवाज थांबला.

वाघमारे म्हणाले, "म्हणजे आत नव्हतीच?"

"नव्हती."

"सहा वर्षं मी दर श्रावणात खाली येऊन उभा राहायलो. इस्त्रीचा शर्ट घालून. निघाली तर काय बोलायचं ते पाठ करून." मग पाठ असलेलं म्हणून दाखवलं, हळू आवाजात, ऑफिसच्या पत्रासारखं. आपण मला मान दिलात, मी आभारी आहे, माझ्या धम्माप्रमाणे मला या पूजेला बसता येत नाही, तरी माझ्या जागी दुसरी चिठ्ठी काढावी, मी प्रसादाच्या पंगतीत वाढायला उभा राहीन.

सुमनताई दारात आल्या. "आरशापुढं म्हणायचे. मी म्हणायची, अवो निघू तर द्या. तर म्हणायचे, निघंल गं कधीतरी, सोळाच घरं हायत."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. वाघमारे पण हसले नाहीत.

म्हटलं, "या वर्षी घालतो. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत?" ते म्हणाले. "बाकी पंधरा घरांना विचारलात का, हरकत हाय का म्हणून?"

"नाही."

"मग मलाच का विचारायलाव? घालायची असंल तर घाला. बसायचं का नाही ते मी बघीन."

चहा दिला. घेतला. निघताना माझ्यामागं दार लागलं. वाऱ्यानं असेल. त्यांचं दार संध्याकाळी सहसा उघडं असतं.

गुरु. ६ ऑगस्ट

आप्पांना सांगितलं, बाराची घालतोय. चिडतील वाटलं होतं. चिडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

"मी काढलेली न्हवती रं."

"ठाऊक हाय. मीच नको म्हटलं होतं. वहीत लिहिलंय."

"मग सहा वरसं तुझ्या शबदावर चाललं, आन आता तुझ्याच शबदावर फिरवायचं व्हय?"

"हो."

"आन निघाली, आन त्यो सगळ्यांपुढं न्हाय म्हनला तर? देवाच्या चिठ्ठीला न्हाय म्हननार? बायामानसं काय म्हनतील? एकदा का सुरू झालं की जिन्यात कोन कोनाशी बोलनार न्हाय बग. तुझं काय, तू दिवसभर कामावं. मी हितंच बसतोय."

ते खोटं नव्हतं. ते खरंच बाकड्यावर बसतात आणि जिना त्यांच्या बोलण्यावर शांत असतो, पाण्याच्या भांडणापासून सगळं.

शेवटी म्हणाले, "लिव्ह. माझ्यासमोर लिव्ह."

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाची पट्टी त्यांनीच कापून दिली, बाकीच्यांसारखी. मी लिहिली. घडी घातली. डबीत टाकली. दहा.

शनि. ८ ऑगस्ट

जिन्यात मी आलो की बोलणं थांबतं. दोनदा झालं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी शालनला विचारलं, तुमच्या मिस्टरांना निवडणुकीला उभं राहायचंय का? शालन ते सांगताना हसत होती, पण भांडी आपटत होती.

कोणी सांगितलं सगळ्यांना? आप्पांनी? की शालनच नळावर बोलली? तिला विचारलं. "मी कशाला सांगू? मला काय तोंड झाकून ठेवता येत नाही?" हे हो की नाही ते कळलं नाही.

स्वतःलाही विचारतोय. हे त्यांच्यासाठी करतोय की त्या निळ्या शाईच्या चार ओळी पुसायला. आज देवापुढे बसलो तेव्हा हाच प्रश्न घेऊन बसलो. उठताना तोच घेऊन उठलो.

रवि. ९ ऑगस्ट

सोडत झाली. जसं झालं तसंच लिहितो, मनचं काही घालत नाही.

सकाळी अकरा. खाली ताडपत्रीखाली सगळी घरं. वाघमारे कोपऱ्यात उभे, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मी डबी दिली. आप्पांनी सगळ्यांसमोर हलवली. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, डोळे मिटून एक उचलली. आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी घडी उघडली. चष्मा कपाळावर होता. कागद लांब धरला, मग जवळ धरला. एवढा वेळ कधी लावत नाहीत.

मग म्हणाले, "सात नंबर. पवार."

टाळ्या. पवार नवीन लग्न झालेला मुलगा, बायको लाजली. आप्पांनी चिठ्ठी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दरवर्षी ती तिथल्या तिथं जोडप्याच्या हातात देतात. हळदकुंकू लावून. या वर्षी खिशात.

"आप्पा, दाखवा," एवढे दोनच शब्द. माझ्या जिभेवर होते. सगळे पवारांभोवती जमले होते, पेढे आले, मी एक घेतला. वाघमाऱ्यांकडे पाहिलं तर ते आप्पांच्या खिशाकडे पाहत होते. मग जिना चढून गेले.

डबी परत माझ्याकडे आलीय. आत नऊ.

सोम. १० ऑगस्ट

उपास. डबी फळीवर.

उघडून बघायला काय लागतं. नऊत बारा नंबर असला तर आप्पा खरे, चष्म्याचा घोटाळा. नसला तर. आणि सात नंबर आत सापडला तर मग बोलायलाच नको.

शालन म्हणाली, "उघडा की एकदा. मग तरी गप जेवाल."

"नको."

"का पण?"

मागच्या वेळी एकट्यानं उघडल्या आणि आठ दिवस एका म्हाताऱ्या माणसावर डूख धरून बसलो. पुन्हा एकट्यानं उघडल्या तर जे दिसेल ते माझ्याच पोटात राहील. मग बोलायचं का नाही ते पुन्हा मीच ठरवणार. ब्याण्णवमध्ये असंच तर झालं होतं.

हे तिला एवढं नीट सांगता आलं नाही. म्हटलं, उपास आहे.

मंगळ. ११ ऑगस्ट

पवार आला. "काका, आमची चिठ्ठी आप्पांनी दिली नाही. आई म्हणते देवघरात ठेवायची असते ना? तुमच्याकडे आहे का?"

नाही म्हटलं. आप्पांना विचार म्हटलं. नंतर वाटलं, पोराला पुढं करतोय मी. जेवण झाल्यावर स्वतःच गेलो.

आप्पा म्हणाले, "सदरा धुवाय गेला रं. काकूनं खिसा बघितला न्हाई. लगदा झाला कागदाचा."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खिशात काय हुतं ते मला काय ठावं."

असं होतं. माझ्या स्वतःच्या खिशातला गेटपास दोनदा धुऊन निघालाय. होऊ शकतं. आणि तरी उतरताना दिवस मोजत होतो. सदरा रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगावर होता, मी बघितलं होतं. पण सोमवारी धुतला असेल. धुतलाच असेल.

गुरु. १३ ऑगस्ट

वाघमारे दारात भेटले. आपणहून थांबले. चिठ्ठीचा लगदा झाला हे जिन्यातून त्यांच्यापर्यंत गेलेलं.

म्हणाले, "डबी तुमच्याकडं हाय."

"हो."

"उघडलात?"

"नाही. तुमच्यासमोर उघडू का? आता आणतो."

"नको. माझ्या घरात उघडलाव तर ते माझं भांडण होतंय. मला रोज याच जिन्यानं जायचंय, सुमनला याच नळावर पाणी भरायचंय." जरा थांबले. "उघडायची तर खाली उघडा. जिथं वाचली तिथं. नाहीतर राहू द्या. मला राहू द्यायची सवय हाय."

शेवटचं वाक्य ते कडू बोलले नाहीत. ऑफिसला उशीर झालेला माणूस बोलतो तसं बोलले. पण ते माझ्याबद्दलही म्हणाले, आप्पांबद्दलच नाही. मला ते कळावं म्हणूनच म्हणाले असा संशय येतो, आणि तो संशय बरोबर असावा.

शनि. १५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदन. दोरी अडकली, वाघमाऱ्यांनी शिडी लावून सोडवली. आप्पांनी झेंडा फडकवला. दोघं एकमेकांना "जरा डावीकडं", "हां, बास" म्हणत होते, नेहमीसारखे. मुलांनी चॉकलेटं घेतली. जन गण मन म्हणताना माझं लक्ष त्या दोघांच्या पाठीकडे.

सगळे गेल्यावर आप्पांना म्हटलं, "उद्या पूजेच्या आधी डबी खाली आणतो. सगळ्यांसमोर उघडतो. नऊच्या नऊ."

ते बाकड्यावर बसले. गुडघा चोळत राहिले.

"माझ्यावर इस्वास न्हाई."

"माझाच माझ्यावर नाही आप्पा. त्याच्यात तुम्ही पण आलात."

"आन बाराची आत निघाली तर? मग काय करशील?"

"सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन. पाया पडेन."

"आन न्हाय निघाली तर?"

खरंच ठाऊक नव्हतं. आप्पा एवढंच म्हणाले, "मला त्या दिशी नीट दिसलं न्हवतं." आणि उठून गेले. नीट दिसलं नव्हतं म्हणजे काय? काय दिसलं नव्हतं? अर्धा तास तिथंच उभा होतो. हाक मारली असती तर थांबले असते.

रवि. १६ ऑगस्ट, सकाळी साडेआठ

आंघोळ, देवपूजा झाली. आज मागणं काही मागितलं नाही.

पूजा सांगणारे गुरुजी दहाला येणार. खाली चौरंग मांडलाय, केळीचे खुंट बांधलेत, पवारचे आईवडील आलेत. पवारची बायको नवी साडी नेसून जिन्यात उभी होती, मला बघून पदर सारखा केला. तिचा यात काही दोष नाही. ती पोरगी आज चौरंगापुढं बसणार आणि मी तिच्यासमोर डबी उघडणार. तिला काय वाटेल, हे कालपर्यंत मनात आलं नव्हतं. पुन्हा कोणालातरी न विचारता चांगलं काम.

पण हेही कारण होऊ शकतं, मागं फिरायला. अवघड होईल, म्हणून राहू दे. हे वाक्य मी आधी एकदा म्हटलेलं आहे.

म्हणून मघाशी खाली जाऊन पवार आणि त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. काय करणार ते, आणि का. पवार गोंधळला, आईकडे बघायला लागला. मुलगी म्हणाली, "काका, आमची चिठ्ठी नसेल तर आम्ही बसणार नाही. देवाचंच आहे ना?" सासू चौरंगावरची पानं नीट लावायला वळली. चांगलं की वाईट, कळलं नाही.

वाघमाऱ्यांची वंदना आत्ता संपली. दार उघडं आहे. खाली येणार का, विचारलं नाही.

आप्पा चौरंगाशेजारी खुर्चीवर बसलेत. सातपासून तिथंच आहेत म्हणे. आज चष्मा डोळ्यांवर आहे.

डबी हातात घेतली तर शालन आतून म्हणाली, "थांबा." मला वाटलं अडवतेय. म्हणाली, "एकटे नका जाऊ. केस बांधते, आलेच."

थांबलोय.